‘अँटिक इंग्लिश महोगनी आर्मचेअर’: एका लेबलचं परीक्षण

या ब्लॉगवर मी एरवी शोधनिबंधांची परीक्षणं लिहिते. या वेळी परीक्षणाला घेतलेला मजकूर एका ओळीत मावणारा आहे. तो असा: ‘अँटिक इंग्लिश महोगनी आर्मचेअर, जोडी. संस्थानिक घराण्यातून. तज्ज्ञांकडून तपासलेली.’

यातली ‘तज्ज्ञ’ म्हणजे मी. त्यामुळे हे परीक्षण थोडं माझं स्वतःचंही आहे.

झालं असं. आमच्या गल्लीत, कुंडलला, आप्पा राहतात. त्यांच्या सोप्यात लहानपणापासून मी दोन हाताच्या खुर्च्या बघत आलेय. तांबूस-तपकिरी लाकूड, पुढे वळलेले हात, पाठीला कोरीव पट्टी, बैठक आधी वेताची आणि आता प्लायवूडची. आप्पांचे आजोबा औंध संस्थानच्या कुंडलच्या कचेरीत कारकून होते आणि खुर्च्या त्यांच्या काळापासून घरात आहेत, एवढं सगळ्यांना ठाऊक. मध्यंतरी शहरातला एक जुन्या वस्तूंचा व्यापारी गावात आला. दारं, घंगाळी, समया बघत बघत आप्पांच्या सोप्यात पोचला, खुर्च्यांचे फोटो काढले आणि चांगला आकडा बोलला. आकडा ऐकून आप्पांना शंका आली. त्यांनी मला फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘‘पोरी, तू लाकडावरच शिकतीस न्हवं? ही म्हागनी हाय का बग.’’

मी तेव्हा बसमध्ये होते. फोटो मोठा करून बघितला. रंग बघितला, चकाकी बघितली आणि उत्तर टाकलं, ‘‘हो आप्पा, महोगनी वाटतंय. छान आहेत.’’ दहा सेकंदांचं काम. आप्पांनी तो मेसेज व्यापाऱ्याला पुढे पाठवला आणि आठवड्याभरात वरची ओळ तयार झाली. माझ्या ‘वाटतंय’चं ‘तपासलेली’ झालं होतं.

तुमच्यापैकी जे पीएचडीची तयारी करतायत, त्यांनी इथे जरा थांबावं. शोधनिबंधांतही हेच घडतं. एकजण ‘अशी शक्यता दिसते’ असं लिहितो. दुसरा त्याचा संदर्भ देताना ‘असं आढळलं आहे’ लिहितो. तिसऱ्याच्या प्रस्तावनेत ते ‘सर्वज्ञात आहे’ होऊन बसतं. मूळ माणसाने तपासलेलं काहीच नसतं. मीही नव्हतं.

म्हणून सुट्टी काढून घरी गेले आणि लेबलमधला एकेक शब्द सुटा करून बघितला. ‘आर्मचेअर’ हा शब्द पहिल्या नजरेतच पास झाला. खुर्चीला हात आहेत. उरलेल्या शब्दांचं काय झालं ते खाली सांगते. प्रत्येक शब्द हा वेगळा दावा आहे आणि प्रत्येकाला वेगळ्या जातीचा पुरावा लागतो, एवढं लक्षात ठेवून वाचा.

महोगनी

सुरुवात माझ्या विषयापासून करते. महोगनी हे बाजारातलं नाव आहे आणि बाजारात ते फार सैल वापरलं जातं. खरी महोगनी म्हणजे स्विटेनिया ही प्रजाती. तिचं मूळ घर कॅरिबियन बेटं, मध्य अमेरिका आणि दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग. ‘आफ्रिकन महोगनी’ म्हणून विकलं जातं ते खाया, म्हणजे त्याच कुळातलं पण वेगळं झाड. ‘फिलिपिन्स महोगनी’ तर कुळानेही वेगळी, आपल्या सालवृक्षाच्या कुळातली. आणि इंग्रजांच्या काळापासून ‘इंडियन महोगनी’ म्हटलं गेलं ते आपलं तून.

तून आपल्या भागाला परकं नाही. मिरजेचे सतारमेकर सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या दांडीला तून वापरत आलेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तून, महोगनी आणि आपल्या दारातला कडुनिंब ही तिन्ही एकाच कुळातली, मेलिएसी कुळातली झाडं आहेत. तून आणि महोगनी तर रंगाने इतकी जवळची की पॉलिश चढल्यावर नुसत्या डोळ्यांनी फरक सांगू नये. मी सांगितला, तोही फोटोवरून.

लाकूड ओळखायचं तर रंग सर्वांत शेवटी बघायचा. रंग उन्हाने बदलतो, धुराने बदलतो आणि पॉलिशवाला तर तो हवा तसा बदलतो. बघायचा असतो आडवा छेद, म्हणजे खोड आडवं कापल्यावर दिसणारा चेहरा. त्यात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची तोंडं बारीक छिद्रांसारखी दिसतात. छिद्रं किती मोठी, कशी मांडलेली, त्यांत काही साठलंय का, आजूबाजूला फिकट रेषा आहेत का, यावरून लाकडाची ओळख पटते.

आप्पांची परवानगी घेऊन खुर्ची उलटी केली. मागच्या आडव्या पट्टीचं एक टोक खालून उघडं होतं, जिथे कुणाचीही नजर जात नाही. तिथे नव्या ब्लेडने नखाएवढी जागा साफ कापली, पाण्याचं बोट लावलं आणि दहापट भिंग धरलं. महोगनी असती तर छिद्रं साधारण एकसारख्या आकाराची, सगळीकडे विखुरलेली दिसली असती, काहींत गडद लालसर डिंक, आणि वाढीच्या थराच्या कडेला बारीक फिकट रेघ. इथे दिसलं ते वेगळं. वाढीच्या प्रत्येक थराच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग आणि पुढे ती बारीक होत गेलेली. अशी मांडणी तुनाची. ताजा छेद नाकाशी धरला तर मंद सुगंधही आला. एक बारीक तुकडा सोबत आणला, लॅबमध्ये पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. महोगनीत लाकडातले किरण बऱ्याचदा मजल्यांसारखे एका ओळीत रचलेले असतात. इथे तशी रचना नव्हती. दुसऱ्या खुर्चीचंही तेच.

तेव्हा महोगनी हा दावा पडला. खुर्च्या तुनाच्या आहेत.

समजा, उत्तर उलटं आलं असतं, तरी मला ‘स्विटेनिया’ एवढंच म्हणता आलं असतं. जमैका-क्यूबाकडची बारीक पानांची महोगनी आणि होंडुरासकडची मोठ्या पानांची महोगनी यांत नुसत्या लाकडाच्या रचनेवरून खात्रीने भेद करता येत नाही. आणि त्या लाकडावरून खुर्ची इंग्लंडची ठरली असती असंही नाही, कारण स्विटेनियाची रोपं अठराव्या शतकाच्या अखेरीसच कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात पोचली होती. आज तर ती आपल्या रस्त्यांच्या कडेला उभी आहेत. लाकडाची जात सांगणं वेगळं आणि लाकडाचा गाव सांगणं वेगळं.

इंग्लिश

हा शब्द लेबलमधला सगळ्यात महाग शब्द आहे. व्यापाऱ्याला विचारलं, ‘‘इंग्लिश कशावरून?’’ तो म्हणाला, ‘‘मॅडम, डिझाइन बघा ना. हे चिपेंडेल आहे.’’

हा थॉमस चिपेंडेल कोण ते थोडक्यात सांगते. यॉर्कशरच्या ऑट्ली गावात १७१८ मध्ये जन्मलेला सुतार, पुढे लंडनच्या सेंट मार्टिन्स लेनमध्ये दुकान. १७५४ मध्ये त्याने खुर्च्या-टेबलं-कपाटांच्या नमुन्यांचं एक मोठं सचित्र पुस्तक छापलं आणि ते इतकं चाललं की १७६२ पर्यंत त्याच्या तीन आवृत्त्या झाल्या. आता विचार करा. नमुन्यांचं पुस्तक छापण्याचा अर्थच हा की ते बघून कुणीही तसं बनवावं. आयर्लंडमध्ये बनवलं, अमेरिकेतल्या वसाहतींत बनवलं, हिंदुस्थानातही बनवलं. पुढे एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात त्याच नमुन्यांच्या नकला पुन्हा फॅशनमध्ये आल्या. तेव्हा पाठीच्या नक्षीवरून फार तर एवढं कळतं की बनवणाऱ्याने हा नमुना कुठेतरी बघितला होता.

शैली हा पुरावा आहे, पण तो नमुन्याच्या प्रवासाचा पुरावा आहे. वस्तू कुठे बनली ते तो सांगत नाही. आमच्या जीवशास्त्रात दोन प्राणी दिसायला सारखे म्हणून एकाच वंशाचे मानू नयेत हे पहिल्या वर्षी शिकवतात. खुर्च्यांनाही ते लागू आहे.

मग वस्तू कुठे बनली हे कशावरून कळावं? जुन्या फर्निचरचे अभ्यासक एक साधी गोष्ट करतात. ते दर्शनी लाकूड सोडून लपलेलं लाकूड बघतात. बैठकीखालच्या कोपऱ्यातले ठोकळे, ड्रॉवरचा तळ, कपाटाची पाठ. दर्शनी लाकूड महागडं असतं, ते समुद्र ओलांडून येऊ शकतं. पण जिथे कुणी बघणार नाही तिथे सुतार जवळ मिळेल ते आणि परवडेल ते वापरतो. इंग्लंडमध्ये बनलेल्या वस्तूत अशा ठिकाणी बहुतेकदा बीच, ओक किंवा पाइन निघतं.

आप्पांच्या खुर्च्यांच्या आतल्या कोपऱ्यांत प्रत्येकी चार ठोकळे होते. ब्लेड लावलं. ठळक वलयं, हाताला तेलकटपणा आणि जुन्या चामड्यासारखा वास. सागवान. आठही ठोकळे सागवानी.

इथे घाई करू नये, कारण ठोकळे नंतर बदललेले असू शकतात. म्हणून त्यांच्या कडेचा जुना रंग, आतल्या बाजूची मळ आणि चौकटीला लागलेल्या ठिकाणची खूण जुळते का ते बघितलं. सात जुळले. एक नवा होता, त्याच्यात तारेचे खिळे होते. सातांच्या साक्षीवर मी एवढं म्हणेन: या खुर्च्या अशा ठिकाणी बनल्या जिथे तून दर्शनी कामाला आणि सागवान आतल्या कामाला सहज मिळत होतं. ते ठिकाण इंग्लंड असण्याची शक्यता फार कमी. पश्चिम भारतातला कुणी सुतार असण्याची शक्यता बरीच जास्त.

आणि असे सुतार दुर्मिळ नव्हते. एकोणिसाव्या शतकात मुंबईत बनणाऱ्या कोरीव शिसवी फर्निचरला ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ असं स्वतःचं नाव मिळालं होतं, ते युरोपियन लोक विकत घेत होते. इंग्रजी घाटाची खुर्ची आपल्याकडे बनणं ही त्या काळातली नेहमीची गोष्ट होती. तरी आज अशी वस्तू दिसली की आपण आधी ‘इंग्लिश’ म्हणतो आणि मग पुरावा शोधतो. हायपोथिसिस आधीच निकाल होऊन बसलेली असते.

अँटिक

‘अँटिक’ म्हणजे किती जुनं? बाजारात याला माप नाही, कायद्यात आहे. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी कायद्याप्रमाणे अशी वस्तू पुरावशेष ठरायला किमान १०० वर्षं जुनी असावी लागते. तसं असेल तर ती विकण्याच्या धंद्याला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. व्यापाऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो हसून म्हणाला, ‘‘अँटिक म्हणजे अँटिकसारखं.’’ लेबलवर ‘सारखं’ नव्हतं.

वय कसं काढायचं, यावर विज्ञानाचे विद्यार्थी एका सुरात म्हणतात, कार्बन डेटिंग करा. नका करू, निदान इथे तरी. एक म्हणजे कार्बन डेटिंग सांगतं ते लाकडाच्या त्या थराचं वय, खुर्चीचं नाही. जुन्या झाडाच्या गाभ्यातला तुकडा निघाला तर खुर्चीआधीची शंभर वर्षंही मोजली जातील. दुसरं म्हणजे साधारण १६५० ते १९५० या काळात वातावरणातल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण इतकं वरखाली झालंय की एका मोजमापाला तीन-चार वेगवेगळे कालखंड जुळतात. १७६० ची खुर्ची आणि १८९० ची खुर्ची यांत ही चाचणी फरक करू शकेल याची खात्री नाही. महागडं मशीन आहे म्हणून प्रश्नाचं उत्तर मिळतंच असं नसतं. आधी प्रश्नाला लागणारी अचूकता बघायची, मग पद्धत निवडायची. तुमच्या सिनॉप्सिसच्या मुलाखतीत हा प्रश्न हमखास येईल.

इथे साध्या खुणाच जास्त उपयोगी पडल्या. आतल्या पट्टीवर करवतीच्या खुणा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या होत्या, म्हणजे हाताची करवत. चकतीच्या करवतीच्या खुणा कमानीसारख्या असतात, तशा कुठे नव्हत्या. पण गावाकडचा सुतार हातकरवत विसाव्या शतकातही वापरत होताच, तेव्हा यावरून तारीख ठरत नाही. मूळ वाटणारे दोन स्क्रू काढून बघितले. दोन्ही टोकदार, सारख्या आट्यांचे, यंत्रावर बनलेले. असे टोकदार स्क्रू १८४० च्या दशकानंतरचे. म्हणजे हे स्क्रू खरंच मूळचे असतील तर चिपेंडेलचा काळ बाद. आणि आप्पांच्या घरातली आठवण धरली तर आजोबांच्या नोकरीच्या काळात खुर्च्या होत्या. यापलीकडे वय मला सांगता येत नाही आणि मी ते सांगणार नाही.

संस्थानिक घराण्यातून

कुंडल आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे, पण १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत ते औंध संस्थानात होतं. हे संस्थान सलग नव्हतं. सातारा जिल्ह्यातलं औंध, आटपाडी, आमचं कुंडल आणि विजापूरकडचं गुणदाळ असे त्याचे तुकडे होते. बाहेरच्या माणसाला कुंडल म्हटलं की प्रतिसरकार आणि जी. डी. बापू लाड आठवतात. पण शेजारची किर्लोस्करवाडीही याच संस्थानातली. १९१० मध्ये औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडल रोड स्टेशनजवळची माळरान जमीन दिली, तिथे नांगरांचा कारखाना उभा राहिला आणि पुढे त्याच वाडीत लोखंडी खुर्च्या-टेबलंही बनली.

म्हणजे आमच्या भागात एखादी वस्तू ‘संस्थानची’ असणं अगदी शक्य आहे. पण ‘संस्थानची’ आणि ‘संस्थानिक घराण्यातली’ यांत अंतर आहे. आप्पांचे आजोबा कचेरीत कारकून. कचेरीतही खुर्च्या असतात. कचेरीची खुर्ची कारकुनाच्या घरी येणं आणि राजवाड्यातली खुर्ची राजेसाहेबांनी कारकुनाला देणं, या दोन वेगळ्या गोष्टी. आप्पांना खोदून विचारलं तर ते म्हणाले, ‘‘राजेसायबांनी दिली आसं आमची आई म्हणायची. आज्जी म्हणायची कचेरीतनं आणली.’’ मी विचारलं, ‘‘मग तुम्ही व्यापाऱ्याला काय सांगितलंत?’’ आप्पा हसले. ‘‘आईचं सांगितलं.’’

आजी घटनेच्या जास्त जवळची साक्षीदार. तिची गोष्ट कमी भारी आहे, आणि म्हणूनच ती सजवलेली असण्याची शक्यता कमी. कागद मात्र दोन्हींना नाही.

कागद असला तर काय होतं त्याचं उदाहरण देते. स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीज हाउसमधलं फर्निचर चिपेंडेलचं आहे हे आज निःशंकपणे म्हणता येतं, ते १७५९ मधल्या खरेदीची बिलं टिकून आहेत म्हणून. चिपेंडेल आपल्या कामावर सहसा नाव टाकत नसे. बिल, पत्र, घराची यादी आणि त्या यादीशी जुळणारी वस्तू त्याच खोलीत, अशी साखळी लागते. आप्पांकडे साखळीची एकच कडी आहे: ते स्वतः.

औंधच्या टेकडीवर बाळासाहेबांनी १९३८ मध्ये उघडलेलं श्रीभवानी चित्रसंग्रहालय मला या बाबतीत आवडतं. तिथे राजा रविवर्मा आहेत, हेन्री मूर यांचं शिल्प आहे, आणि त्यांच्या शेजारी पाश्चात्य चित्रांच्या-शिल्पांच्या प्रतिकृतीही आहेत, प्रतिकृती म्हणूनच. इथल्या मातीतल्या माणसाला लंडन-रोमला न जाता ते बघता यावं ही त्यामागची दृष्टी. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हटल्याने ती कमी होत नाही. तिथेच पांडोबा पाथरवट यांच्यासारख्या औंधच्या शिल्पकाराचं काम त्यांच्या नावानिशी उभं आहे. शिल्पकाराचं नाव राहिलं. खुर्ची बनवणाऱ्याचं राहिलं नाही, आणि ‘इंग्लिश’ असं लेबल लागलं की ते शोधायचं कारणही संपतं.

आणि लेबल खरं असतं तर?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. समजा, या खुर्च्या खरोखर अठराव्या शतकातल्या, इंग्लंडमध्ये बनलेल्या, महोगनीच्या आणि एखाद्या उमराव घराण्यातल्या असत्या. तरी ‘इंग्लिश महोगनी’ हे शब्द अर्धंच सांगतात. इंग्लंडमध्ये महोगनी उगवत नाही. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचं आयात शुल्क काढलं आणि जमैकाची महोगनी स्वस्त होऊन लंडनच्या सुतारांकडे येऊ लागली. जमैकाची जवळची जंगलं संपली तसा मोर्चा होंडुरासच्या उपसागराकडे, म्हणजे आजच्या बेलिझकडे वळला. ही झाडं शोधणारे, तोडणारे आणि नदीपर्यंत ओढून आणणारे लोक गुलाम होते. तिथली गुलामगिरी कायद्याने पूर्ण संपायला १८३८ उजाडलं.

चिपेंडेलच्या मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक यॉर्कशरचं हेअरवूड हाउस. तिथल्या लॅसेल्स घराण्याचा पैसा वेस्ट इंडीजमधल्या साखरेतून आणि गुलामांच्या व्यापारातून आलेला. म्हणजे खुर्चीचं लाकूड आणि खुर्चीची किंमत, दोन्ही एकाच दिशेने आलेली. लेबलवर मात्र फक्त घराण्याचं नाव येतं.

आणि ती प्रसिद्ध चकाकी? फ्रेंच पॉलिश. आपले पॉलिशवाले ज्याला चपडा म्हणतात, तो स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्याने थर चढवायचे. चपडा लाखेपासून होतो, लाख किड्यांपासून, आणि हे किडे पळस, कुसुम, बोरीवर पोसले जातात, मुख्यतः भारतात. इंग्लिश खुर्चीचा इंग्लिश झळाळ इथल्या रानातून गेलेला असतो. आप्पांच्या खुर्च्यांवरही चपडाच आहे; कडेला स्पिरिटचा बोळा लावला तर विरघळला.

म्हणून माझी या लेबलबद्दलची मुख्य तक्रार त्यातल्या खोट्या शब्दांपुरती नाही. खरं असतानाही असं लेबल मालकाचं घराणं आणि विकणाऱ्याला सोयीचा देश सांगतं, आणि लाकूड तोडणारे, रंधा मारणारे, पॉलिश करणारे हात गाळतं. आमच्या कुंडलच्या बाबतीत त्याने इथला सुतार गाळला, जमैकाच्या बाबतीत तिथला गुलाम. चूक दोन्हीकडे सारखीच आहे.

व्यापाऱ्याच्या बाजूनेही एक सांगायला हवं. त्याने मला मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही. तो ज्या बाजारात आहे तिथे लाल लाकूड म्हणजे महोगनी, वळलेला हात म्हणजे इंग्लिश आणि जुनं सामान म्हणजे राजवाड्यातलं. त्याला एक शिक्का हवा होता आणि तो बसमध्ये बसलेल्या मी दिला. त्याच्या ओळीतला सगळ्यात खोटा शब्द ‘तपासलेली’ होता, आणि तो माझ्या खात्यावर आहे.

दुरुस्त लेबल

मी व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की माझं आधीचं मत चुकीचं होतं, ते काढून टाका. त्याने ‘तज्ज्ञ’ काढलं, ‘महोगनी’ काढलं, ‘इंग्लिश’च्या जागी ‘ब्रिटिशकालीन’ टाकलं आणि आकडा निम्म्याहून खाली आणला. आप्पांना हे सांगायला जाणं मला जड गेलं. त्यांनी त्या पैशांतून घराचं पत्र्याचं काम करायचं मनात धरलं होतं. थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हंजे हिथल्याच कुणा सुताराची.’’ मी म्हटलं, ‘‘बहुतेक.’’ ते म्हणाले, ‘‘आता बहुतेक म्हणतीस. तवा म्हणायचं हुतं.’’

बरोबर आहे. तेव्हाच म्हणायला हवं होतं. मला वाचून टाकायला दहा सेकंद लागले आणि निस्तरायला दोन सुट्ट्या गेल्या, त्यातलं नुकसान आप्पांच्या वाट्याला आलं.

मी लिहिलं असतं तर लेबल असं झालं असतं:

‘हाताच्या दोन खुर्च्या. चौकट तुनाची (आडव्या छेदावरून, खात्रीने). आतले ठोकळे सागवानी, आठपैकी सात मूळचे वाटतात. घाट अठराव्या शतकातल्या इंग्रजी नमुन्यांवरून घेतलेला. बनावट बहुधा पश्चिम भारतातली. सुताराचं नाव ज्ञात नाही. काळ १८४० च्या दशकानंतरचा, स्क्रू मूळचे असतील तर. कुंडल येथील औंध संस्थानच्या कचेरीतल्या कारकुनाच्या घरात वापरात. कुटुंबाच्या सांगण्यावरून, कागद नाही. बैठक नंतर बदललेली.’

हे लांबलचक आहे आणि यावर कुणी जास्त पैसे देणार नाही. पण यातलं प्रत्येक वाक्य कशावर उभं आहे ते वाचणाऱ्याला दिसतं, आणि उद्या कुणाला नवा पुरावा सापडला तर नेमकं कुठलं वाक्य बदलायचं तेही कळतं. प्रबंधातला निष्कर्षही असाच असावा असं मला वाटतं.

तुमच्यासाठी गृहपाठ. घरातली एखादी जुनी वस्तू घ्या, जिच्याबद्दल घरात एक वाक्य ठरलेलं आहे: ‘पणजोबांनी बेळगावहून आणली’, ‘शुद्ध पितळ आहे’, ‘शंभर वर्षांची आहे’. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द सुटा करा. कुठला शब्द कशाने तपासता येईल ते समोर लिहा. मग वस्तू उलटी करून खालची बाजू बघा, जिथे सजवायची कुणाला गरज वाटली नाही. आणि कुणी फोटो पाठवून ‘हे काय आहे’ विचारलं, तर आधी ‘बघून सांगते’ म्हणा.

खुर्च्या अजून आप्पांच्या सोप्यातच आहेत. व्यापारी नव्या आकड्याला तयार आहे, आप्पा अजून तयार नाहीत.